लालासाहेबांच्या फोनवरची माणसं

सई : ते सगळं राहू दे, तारिक. प्रोग्रॅम बंद पडतो की चुकतो, एवढंच सांग.

तारिक : बंद कधीच पडला नाही मॅडम. दीड वर्ष साताऱ्याला चालतोय. एक नाव सापडत नाही, एवढंच.

आकाराम : एवढंच म्हनू नगंस रं.

तारिक : हां मामा. चुकलं.

सई : तुम्ही बसा ना मामा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ही घ्या. हे कोण तुझे, तारिक?

तारिक : आकाराममामा. आमच्या रक्तदाता मंडळात टेबलावर बसतात. लोकांचे फॉर्म घेतात, मशीनवर चढवतात. तुमच्या क्लासमध्ये शिकून मंडळाला प्रोग्रॅम मी करून दिला, चालवतात हे.

आकाराम : तीस वर्सं एस.टी.त कंडक्टर हुतो. रिटायर झालो, घरात बसून काय करायचं म्हनून मंडळात जातो. ह्या पोरानं मला एका बोटानं टायपिंग शिकीवलं. बाई, सातारहून सांगलीपत्तुर एका कामासाटी आलोय. माजी चूक नेमकी कुटं झाली ती मला दावा. मंग म्या मोकळा.

सई : चूक तुमची आहे हे कोणी ठरवलं?

आकाराम : मंडळानं. रविवारी मिटिंग हाय. चिंतामणराव अध्यक्ष हायेत आमचे, त्येंनी कागुद तयार ठेवलाय. फॉर्म चढवायचा आकारामकडनं राहून गेला, असं लिवलंय. खाली मी सही करायची. करतो की. पर काय केलं ते कळल्याबिगर कशी करू?

सई : एका नावासाठी सही मागतायत?

तारिक : मॅडम, पेशंट गेली.

सई : काय सांगतोस.

आकाराम : पद्मा नाव हुतं. म्हसवडची. पयलंच बाळंतपन, साताऱ्याला आनली हुती. पोरगी झाली आन रगत थांबंना. ओ निगेटिव्ह. रगतपेढीत त्या गटाची पिशवी न्हवती. सासरा पळत आला मंडळात, पायात चप्पल न्हाई. म्या मशीनवर बगितलं. दाता न्हाई, असं आलं. न्हाई म्हनून सांगितलं. सांगलीतनं पिशवी निघाली, ती पोचायच्या आदी बाई गेली.

तारिक : आणि दाता होता. गुंडा. दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहतो.

आकाराम : चालत धा मिनटं. मार्केट यार्डात हमाल हुता गुंडा, पायावर पोत्यांची थप्पी कोसळली. तवा त्याला कुनीतरी रगत दिलं हुतं, म्हनून बरा झाल्यावर आपल्या पायानं मंडळात आला. लंगडत. माजं बी नाव घाला म्हनला. आता पोती शिवतो. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं, तर मला म्हनतो, आवं आकारामदादा, मी घरीच हुतो की. लय वेळा म्हनला. मी घरीच हुतो की.

सई : फ्लॉप्या आणल्यास?

तारिक : तीन. दोन प्रोग्रॅमच्या, एक डेटाची. परवाच मंडळाच्या मशीनवरून कॉपी केला.

सई : दे. चारला लाईट जाते आमच्याकडे, त्याच्या आत बघू. नव्या मुलांचे घोटाळे ठरलेले असतात. दोन ठिकाणी दोन फाइली नाहीत ना? लिहितोय एकीत आणि शोधतोय दुसरीत?

तारिक : ते पहिलं बघितलं. एकच फाइल आहे.

सई : मग रक्तगट. कुणी मध्ये जागा सोडतं, कुणी नाही. एकच गट चार तऱ्हांनी लिहिला की मशीनला चार गट वाटतात.

तारिक : गट टाइप करायचाच नाही मॅडम. यादी दिलीय, तिच्यातून निवडायचा.

सई : हे बरं केलंस. वर्गात तर तुझं लक्ष खिडकीत असायचं. गुंडाचा फॉर्म कुठाय?

आकाराम : ह्यो घ्या. म्या सोता भरलाय, खाली अंगठा त्याचा. मशीन आलं तवा कागुद रद्दीत घाला म्हनले हुते. न्हाई घातले. खाटंखाली ठिवले. समदे आनलेत, ह्या पिशवीत.

सई : सगळे? बरं झालं. मामा, इथं या. त्या दिवशी हा फॉर्म जसा चढवलात तसाच आता चढवा. घाई नको. मी नुसती बघते.

आकाराम : हितं नाव. जी, यू, एन... मंग गल्ली. मंग रगताचा गट, ह्यो हितनं. मंग फोन. फोन लालासाहेबाच्या दुकानाचा, गुंडाकडं कुटला आलाय फोन. मंग ह्यो शेरा म्हनून चौकोन. ह्यात म्या कवाच काय लिवलं न्हाई.

तारिक : त्याची गरज नव्हती मामा. पुस्तकातल्या फॉर्मला होता म्हणून ठेवला.

आकाराम : आन मंग ह्ये दाबायचं. बगा. 'नोंद झाली'. तवा बी असंच आलं हुतं.

सई : आता शोधा.

आकाराम : ओ निगेटिव्ह... न्हाई. दाता न्हाई म्हनतंय.

सई : पुन्हा एकदा चढवा.

आकाराम : ...नोंद झाली. आन आता शोधतो. न्हाई. आवं बाई, तुमच्यासमोर केलं की ह्ये. कुटं बोट चुकलं माजं?

सई : मला अजून दिसलं नाही. लांबून आलात तुम्ही. बाहेर व्हरांड्यात माठ आहे, जरा पाणी पिऊन या. तोंडावर मारा थोडं.

(आकाराम पाणी प्यायला बाहेर जातो.)

सई : कोड उघड. नोंद होते तो भाग. खाली... अजून खाली. थांब.

तारिक : काय झालं?

सई : ही ओळ. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे काही बिघडलं तरी बोलायचं नाही, गुपचूप पुढच्या ओळीवर जायचं. आणि तुझी पुढची ओळ काय आहे? 'नोंद झाली' दाखवा. मशीन दीड वर्ष तेवढंच करतंय. काढ ती ओळ आणि चालव.

तारिक : काढली. गुंडाचंच घालतो... एररची पाटी आली.

सई : वाच.

तारिक : नोंद करता येत नाही. तोच नंबर आधी नोंदलेला आहे, दुसऱ्यांदा घेता येत नाही.

सई : कुठला नंबर? माणूस ओळखायची खूण कशावर ठेवलीस तू?

तारिक : फोन नंबरवर.

सई : का?

तारिक : पुस्तकात तसं होतं मॅडम. एका नावाची दोन माणसं असतात, गल्लीत तर असतातच. फोन मात्र ज्याचा त्याचा...

सई : ज्याचा त्याचा? तुझ्या घरी फोन आहे?

तारिक : नाही.

सई : मग माझ्या रजिस्टरात तुझ्या नावापुढे नंबर आहे तो कुणाचा?

तारिक : शेजारचा. जीनतखालांचा. पुढे पी.पी. लिहिलंय.

सई : लालासाहेबांच्या नंबरचे फॉर्म काढ बघू पिशवीतून.

तारिक : ...सात. आठ. हे तीन. अकरा आहेत.

सई : आणि मशीनमध्ये?

तारिक : एक. बयाबाई. तिचा फॉर्म सगळ्यांत आधी चढला, म्हणून ती राहिली.

सई : करून झाल्यावर तू तपासलं कसं? कुणाची नावं घातलीस?

तारिक : वर्गातल्या मुलांची. वीस नावं. फोन कुणाचे पाठ नव्हते, म्हणून एक, दोन, तीन, चार असे टाकले. सगळी बरोबर आली.

सई : येणारच.

तारिक : मॅडम, मामांना एवढ्यात सांगू नका.

सई : मग कधी?

तारिक : सोमवारी मला पुण्याला हजर व्हायचंय. हाच प्रोग्रॅम दाखवून नोकरी मिळाली. अब्बांनी मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय. मामा तर सही करणारच आहेत. त्यांना कोण काय करणार? वय झालंय, विसरले म्हणतील.

सई : तारिक.

तारिक : मला कळतंय मी काय बोलतोय ते. शरम वाटतेय. तरी बोलतोय.

सई : ही ओळ तुला कुणी शिकवली?

तारिक : जाऊ द्या मॅडम.

सई : मी शिकवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी फळ्यावर लिहिली. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर कुणाचा प्रोग्रॅम बंद पडायला नको, सगळ्यांनी ही ओळ घाला. परीक्षा झाली की काढून टाका, हे सांगायचं राहिलं. दर वर्षी राहतं. पाच बॅचेस झाल्या माझ्या. त्या मुलांनी कुठे कुठे काय बसवलंय, मला माहीतही नाही.

तारिक : तुम्ही थोडंच फोनचं सांगितलं होतं.

सई : फोनचं तुझं. पण ती ओळ नसती तर पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅम बोंबलला असता आणि तू दुरुस्त केला असतास. बाई वाचली असती की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही, तारिक. तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगते.

आकाराम : (आत येत) काय सांगायचंय? सापडलं का?

तारिक : मामा, बसा.

आकाराम : बसलो. बोल.

तारिक : चूक सापडली. माझी आहे. एका फोनवर एकच माणूस, असं मी मशीनला सांगून ठेवलं होतं. लालासाहेबांच्या फोनवर बयाबाई आधी चढली. मग गुंडा आला, तर मशीननं त्याला घेतलंच नाही. आणि घेतलं नाही हे तुम्हाला सांगितलंही नाही. नोंद झाली म्हणालं.

आकाराम : म्हंजे म्या चढवला हुता.

तारिक : चढवला होता.

आकाराम : बोट चुकलं न्हाई.

सई : नाही मामा. तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्हाला तर आता हलकं वाटायला हवं.

आकाराम : न्हाई वाटत, बाई. उलटं झालंय.

सई : उलटं कसं?

आकाराम : आता सांगतो, कुनाला बोललो न्हाई. पद्माचा म्हातारा सासरा समोर उभा हुता ना, तवा गुंडाचं नाव माज्या तोंडावर आलं हुतं. ओ निगेटिव्ह म्हनल्याबरुबर. साठ-सत्तर मानसं भरायची गाडीत, कोन कुटं उतरनार मला तोंडं बगून ठावं असायचं. गुंडा विसरीन व्हय मी? पर मशीन न्हाई म्हनलं. मला वाटलं, आपलीच कायतरी गल्लत हुतीया. वय झालं. गप बसलो.

सई : मामा...

आकाराम : फॉर्म ऱ्हायला असता तर सोपं हुतं. म्हातारा मानूस, विसरला. सही केली आसती आन घरी गेलो आसतो. आता तसं न्हाई. मला ठावं हुतं आन मी न्हाई म्हनलो. 

तारिक : मीच शिकवलं होतं तुम्हाला. पहिल्या दिवशी. मामा, आता डोक्यात काही ठेवू नका, मशीन सांगेल तेच खरं.

आकाराम : व्हय. सांगितलं हुतंस. म्या बी आयकलं.

तारिक : त्या कागदावर सही करू नका. रविवारी मी येतो मिटिंगला. सगळ्यांसमोर सांगतो.

आकाराम : आन पुन्याची नोकरी?

तारिक : गेली तर गेली. मघाशी तुम्ही बाहेर होता तेव्हा मी वेगळं बोललो मामा. मॅडमना विचारा.

आकाराम : कशाला इचारू. दारातच हुतो मी, आयकलं. मान वर कर रं. मिटिंगचं काय न्हाई, तिथं चिंतामणराव दोन तास बोलतील. म्हसवडला जायाला लागंल. त्या म्हाताऱ्याला काय सांगशील?

तारिक : जे झालं ते.

आकाराम : एकटा जाऊ नगंस. म्या येतो संगं. माजं बी सांगायचं हाय.

सई : माझंही. चिंतामणरावांना मी पत्र लिहून देते, तारिकबरोबर पाठवते. मामा, ती पिशवी इकडे द्या. फॉर्म एकंदर किती आहेत?

आकाराम : चारशे बारा. मोजून ठिवलेत.

सई : आणि मशीनमध्ये, तारिक?

तारिक : दोनशे अडुसष्ट.

सई : म्हणजे एकशे चव्वेचाळीस माणसं नाहीत.

आकाराम : त्येंनी समद्यांनी अंगठं दिलेत, सह्या दिल्यात. बोलवनं यील म्हनून बसले आसतील.

सई : लाईट जायला वीस मिनिटं आहेत. खूण मी बदलते, फॉर्मगणिक वेगळा क्रमांक. ती ओळही गेली. आता नोंद झाली नाही तर मशीन तसं सांगेल. आज होतील तेवढे चढवू, बाकीचे उद्या. सुरुवात कुणापासून करायची?

आकाराम : गुंडापासनं.

सई : तुम्ही सांगा, मी घालते. 

आकाराम : कागुद नगं मला, म्हाईत हाय. गुंडा. दवाखान्यामागची गल्ली. ओ निगेटिव्ह. फोन लालासाहेबाचा.

सई : घातलं. शोधते हं... आला. बघा, आला.

आकाराम : व्हय. आला.

सई : पुढचा कुठला घेऊ?

आकाराम : थांबा बाई. त्यो शेऱ्याचा चौकोन रिकामा हाय. त्यात लिवा.

सई : काय लिहू?

आकाराम : घरीच असतो.