दत्ताचा पत्ता लावणारे नाना

मंडळी, आणि काकू,

एवढी माणसं आपल्यासाठी जमलेली पाहून नाना लाजले असते. मी शाळेत रोज बोलते, बोलायची सवय आहे. पण आज नानांशिवाय काकू समोर एकट्या बसल्यात. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नाना कर्जतच्या कोर्टातले वकील, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते माझ्या आईचे भाऊ कसे झाले, एवढंच सांगते.

माझा भाऊ दत्ता नागापूरला एमआयडीसीत कामाला होता. एके दिवशी कामावरून निघाला, तो घरी आलाच नाही. बेपत्ता म्हणून तक्रार दिली. वर्षं गेली. एसटी थांबली की आई दारात यायची.

एका रविवारी, आमची तक्रार हाती घेतलेले नाना घरी आले. म्हणाले, "आक्का, तुमचं रक्त द्यावं लागेल."

आई म्हणाली, "माझ्या रक्तानं दत्ता कसा घावंल, नाना?"

"आईची खूण लेकराच्या हाडात असते. डीएनए म्हणतात तिला. बेवारस सापडलेल्यांचा दात, हाड पोलीस तपासून ठेवतात. त्याच्याशी तुमची खूण ताडून बघू."

"म्हंजी त्यो गेला असंच धरायचं व्हय?"

नानांनी खोटा धीर दिला नाही. "नसला गेला, तर जुळणार नाही. तेवढं तरी कळेल."

आईनं रक्त दिलं. पण ताडायचं कुणाशी? कुठे कोण सापडलं, हे एका जागी कुणालाच माहीत नव्हतं. मग नाना आईला घेऊन एसटीनं ठाण्याठाण्यात फिरले. काय दिवस होते ते! दुःखाचे होते, तरी आज आठवले की बरं वाटतं. परतताना स्टँडवर नाना भेळ घ्यायचे. आई आधी नको म्हणायची, मग कांदा मागायची.

शेवटी शेजारच्या जिल्ह्यात खूण जुळली. रस्त्यावरचा अपघात. खिशात काही नव्हतं, म्हणून बेवारस. दत्ताची खूण तिथं पडून, आई इथं दारात. दोघांची गाठ घालून देणारी जागाच नव्हती. त्याला पुरलं होतं तिथली मूठभर माती आम्ही पुणतांब्याला गोदावरीत सोडली. नाना आईचा हात धरून पाण्यात उभे होते.

पुढं आमच्या भागात एक खून झाला. तपासाला आलेले एक साहेब म्हणाले, "त्या बेपत्ता पोराच्या आईचा नमुना आपल्याकडे आहेच. त्यावरून घरातला कुणी यात आहे का, तेही बघून घेऊ." घरात पुरुष म्हणून राहिला होता एकटा सुरेश, माझा धाकटा भाऊ.

आई नानांकडे गेली. "दत्ताला हुडकाया रक्त दिलं हुतं मी. आता त्याच्यावरनं सुरेशला धरणार व्हय?"

नाना कोर्टात उभे राहिले. गावात लोक म्हणाले, ज्यानं काही केलं नाही त्यानं का घाबरावं? नाना म्हणाले, "मग उद्या कोणती आई रक्त देईल?" कोर्टानं ऐकलं. आईचा नमुना नष्ट करायला लावला. खरा खुनी सापडला, तो दुसऱ्याच गावचा.

दर हिवाळ्यात आई नानांना हुरडा खायला बोलवायची. आगटीपाशी बसून नाना एकच बोलत. देशभरातल्या बेवारसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या खुणा एका जागी भेटल्या पाहिजेत. आणि ज्या कामाला खूण दिली, त्याच कामाला ती वापरायची, असा कडक कायदा पाहिजे. एकावाचून दुसरं नको. आई कणसं चोळत म्हणायची, "नाना, आधी खावा. गार हुतंय." नाना हसायचे आणि खायचे.

त्यांना हवा होता तसा कायदा त्यांना पाहायला मिळाला नाही. आई गेली, आता नानाही गेले. सुरेश इथंच बसलाय. त्याची लेक वकिलीला गेलीय. तिला नानांनीच पाठवलं.

आता आपण उभे राहू. नानांसाठी. आणि ज्यांची नावं अजून कुणाला कळली नाहीत, ज्यांची आई कुठल्यातरी दारात उभी आहे, त्यांच्यासाठीही. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.