मॉनिटरनं पुसलेली वही

त्या टॅबचं नाव काढू नको गा, चहा कडू लागते मले.

आमच्या वाडीच्या शाळेत आठवीच्या पोरायले टॅब भेटले. टॅबमंदी सगळ्या वर्गाची मिळून एकच वही, त्यात प्रत्येकाचं आपलं पान. पोरं गृहपाठ तिथंच लिहीत आणि मी लाल अक्षरात तपासत जाय. वर्षाचे मार्क त्याच्यावरूनच द्यायचे होते. एका सोमवारी वही उघडली, तं सगळी पानं कोरी.

तसाच स्टाफरूममंदी धावलो. कॉम्प्युटर शिकवणारे सर म्हणाले, "पुसलेलं परत येते ना. पण ते सेटिंग सुरुवातीलेच लावा लागते, तुम्ही लावलंच नाही."

वर्गात जाऊन विचारलं, "वही कोणं पुसली?"

मॉनिटर पोरगी ताठ उभी राहिली. "मी पुसली सर."

"काहून वं?"

"तुम्हीच सांगता ना सर, शनिवारी मॉनिटरनं फळा पुसूनच घरी जायचं. फळा सगळ्यायचा, तशी वहीबी सगळ्यायचीच आहे. तुमचं लाल लाल तं लयच झालं होतं. एकेक पान पुसता पुसता बोटं दुखली माझी."

आता हिच्यावर रागावू कसा, सांग.

"सर, यापुढं रोज पुसू, का शनिवारीच?"

"कधीबी पूस माय," मी म्हटलं. "आता उरलं काय त्यात?"

ती खाली बसली, तशा अख्ख्या वर्गानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.