कडूबांची चुन्याची डबी

भोकरदनच्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावून माऊली तंबाखू मळत बसला होता. शेजारी धावड्याचे कडूबा आणि त्यांची कॉलेजात शिकणारी भाची पायल यांची जुंपली होती.

"तूच म्हन्लीस ना, पेशीतलं ते प्रोटीन कॅल्शियम भेटल्याबिगर जागं होत न्हाई?"

"हो मामा. कॅल्शियम चिकटलं की त्याचा आकार बदलतो, मंग ते एन्झाइमला कामाला लावतं."

"अन् चुन्यात काय असतं?"

"कॅल्शियम. पण..."

"मंग बराबर! सकाळी चुना-तंबाखूचा बार भरला न्हाई तर माझे सारे एन्झाइम झोपून राहतेत."

"पेशी आपल्या साठ्यातलं कॅल्शियम आपणच सोडते, मामा. तुमच्या डबीची वाट बघत न्हाई."

"बिगर चुन्याचंच जागं होतंय?"

"बिलकुल. अन् पेशीला वाढायचा इशाराबी तेच प्रोटीन देतं. तो इशारा आवरला न्हाई, तर गाठ होऊ शकते."

"गालात माझ्या हाये ती?"

"त्यासाठीच आणलंय तुम्हाला."

"कडूबा कोण? या आत!" डॉक्टरांच्या खोलीतून हाक आली.

कडूबांनी घाईघाईनं डबी माऊलीच्या हातात कोंबली.

"धरा भाऊ. डॉक्टरनं विचारलं तर तुमची म्हना."

दार लागलं. एका हातात डबी, दुसऱ्यात मळलेली तंबाखू घेऊन माऊली जिभेनं स्वतःचा गाल आतून चाचपत राहिला.