रेखाचा घटस्फोट

अहो, माझी वकिली एका जोडप्यानं कशी बंद पाडली, ते सांगितलंच नाही तुम्हाला!

भोसरीत गरजूंना फुकट कायद्याचा सल्ला द्यायला मी दर गुरुवारी एका केंद्रात बसते. एकदा दिघीहून रेखा आली, मूळची लातूरकडची. बसताबसताच म्हणाली, "मॅडम, मला घटस्फोट पायजे. नवरा बोलतच न्हाई."

"मारतो का? पितो?"

"काहीच करत न्हाई. मी दिवसा पॅकिंगला, त्यो रातपाळीला चाकणला. माझी सुट्टी गुरुवारी, त्येची रविवारी. असल्या लग्नाला काय करायचं?" आणि ती रडायलाच लागली.

पुढच्या गुरुवारी नवऱ्याला बोलावलं. बालाजी मान खाली घालून आला. दोघांना समोरासमोर बसवून मी चहा सांगायला गेले. परत येते तर आवाज चढलेले.

"बोटाला एवढं लागलं, मला का सांगितलं न्हाई?"

"कवा सांगू? मी येतो तवा तू बस पकडाय पळतीस!"

मग बोटावरून गाडी गावाकडं गेली, तिथनं पोरीच्या शाळेवर. दोघं हसायलाही लागले. चहा गार झाला.

मी मध्येच विचारलं, "रेखा, मग घटस्फोटाचं काय?"

"थांबा ओ मॅडम, बोलू द्या की!"

केंद्र बंद करायची वेळ झाली, तेव्हा कुठं दोघं उठले. बालाजी दारात घुटमळला.

"मॅडम, घरी एकच खोली, त्यात भाऊ-भावजय. पुढच्या गुरुवारची तारीख द्या ना."

इतक्या वर्षांत हसत तारीख मागणारा पक्षकार मी पहिल्यांदाच पाहिला. दिली लगेच!