तानाबाईची हाक

राधानगरीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत अरुणा मोबाईल चाळत होती. मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्यांच्या बोलण्यानं तिचं बोट थांबलं.

"तानाबाई, लेकानं धारा काढायला रोबो आणलाय म्हणं?"

"व्हय. गाय आपणच आत जाऊन उभी ऱ्हाती."

"बुजत न्हाईत?"

"पयल्यांदा एक बी आत जाईना. मग त्यानं माझी हाक मोबाईलात भरून घेतली. ती यंत्रातनं वाजली की पान्हा सोडत्यात."

"म्हंजे बसल्या जागी काम झालं की तुझं."

"कसलं. मी दिसले की यंत्राकडं जायचं सोडून माझ्यामागं फिरत्यात. म्हणून पोरानं मला गोठ्यात यायला बंदी केलीया."

"मग आता निघालीस कुठं?"

"लेकीकडं, कुरुंदवाडला. कायमची."

"आन् गायी गं? हंबरतील की."

"कशाला हंबरतील? त्यास्नी वाटतंय, मी गोठ्यातच हाय."