रात्री उचलणार कोण?

(बाळांच्या सामानाचं दुकान. भर दुपार. दुकानात गिऱ्हाइकं दोनच, सासूबाई आणि त्यांचा जावई.)

दुकानदार : ...नाही ताई, उशी नाही. झालर नाही, दुलई नाही, कापसाचा ससा नाही. कॉटमध्ये गादी आणि गादीवर बाळ. तिसरं काही नाही.

सासूबाई : अहो, पण मी शिवून ठेवलंय सगळं! चारी बाजूंना मऊ लोड, लोडाला बारीक झालर. माझा शिलाईचाच धंदा आहे, बाजारातलं उसवणारं काम नाही ते. आणि लोड नसले, बाळाचं डोकं गजावर आपटलं, तर?

दुकानदार : आपटलं तर बाळ रडेल. रडलं की तुम्ही उठाल. पण तोंड मऊ कापडात रुतलं ना ताई, तर आवाजच येत नाही.

सासूबाई : ...बरं. राहू दे. लोड नकोत.

दुकानदार : आता ही गादी दाबून बघा. पंजानं. अशी.

सासूबाई : ही गादी? ही तर फळी आहे!

दुकानदार : तशीच हवी. मऊ हवी ती मांडी, गादी कडकच. आणि गादीच्या कडेला बघा, बोटं जातायत का? दोनाच्या वर जाता कामा नयेत. बाळ पाठीवर निजवायचं आणि कॉट मोठ्या माणसाच्या खोलीतच ठेवायची, निदान पहिलं वर्ष तरी.

सासूबाई : माझ्याकडे खोली एकच आहे. म्हणजे तो प्रश्न मिटला. जावईबापू, ऐकताय ना?

जावई : ऐकतोय.

सासूबाई : मग बोला की काहीतरी. आल्यापासून मूग गिळून उभे आहात. मी एकटीच टकळी चालवतेय.

जावई : तुम्ही बघा, आई. बाळ तुमच्याकडे राहणार आहे. तुम्हाला सोयीची पडेल ती घ्या.

सासूबाई : ह्यांचं हे असं. लग्नात शालूचा रंग विचारला तरी म्हणाले, तुम्ही बघा.

दुकानदार : गजांमधून मूठ जाते का बघा, ताई.

सासूबाई : थांबा, टेपच काढते. पर्समध्ये असतो माझ्या... नाही, मूठ जात नाही.

दुकानदार : मग डोकंही जाणार नाही. आता मुख्य गोष्ट. ही विचारल्याशिवाय मी पावती फाडत नाही. रात्री बाळाला उचलणार कोण?

सासूबाई : म्हणजे?

दुकानदार : उंचीसाठी विचारतो. बाजू खाली सरकणारी कॉट मी ठेवतच नाही. खिटी निसटली की संपलं. माझ्याकडे चारी बाजू पक्क्या. म्हणजे वरून वाकून उचलायचं. उचलणारं माणूस बुटकं की उंच, त्यावर सगळं आलं. आता बाळाच्या आईला बरोबर आणलं असतंत...

सासूबाई : नाही आणता येत.

दुकानदार : बाळंतीण आहेत, कळतंय मला. पण अंदाजे उंची सांगितलीत तरी—

जावई : ती वारली. बाळंतपणात.

दुकानदार : ...माफ करा. दुकानात उभं राहिलं की जीभ सुटते माझी. माफ करा, साहेब.

सासूबाई : तुम्हाला काय माहीत, तुमची काय चूक. माझी मुलगी हो. एकुलती एक. बाळ वेळेआधी आलं, म्हणून अजून दवाखान्यात आहे. आधी काचेच्या पेटीत होतं, आता बाहेर काढलंय. परवा सोडणार. ते माझ्या घरी येणार, रात्री मीच उचलणार, आणि माझी उंची ही अशी तुमच्यासमोर उभी आहे. दाखवा आता काय ते.

दुकानदार : मग आधी ही बुटकी कॉट बघू. आणि थांबा, गुंडूला आणतो. हा आमचा गुंडू, कापडी बाहुला. पोटात वाळू, डोक्यात वाळू, मान मुद्दाम ढिली शिवलेली. वर्षानुवर्षं दुकानात राहतोय पण वाढ म्हणून नाही. रिकामी कॉट बघून काही कळत नसतं. ह्याला निजवायचं, उचलायचं, मग ठरवायचं.

सासूबाई : द्या बाबा तुमचा गुंडू. हं... निजला. उचलला. झालं की! हीच द्या.

दुकानदार : आता होईल. पण बाळ बसायला लागलं की ही कॉट बाद. कठडा एवढासाच आहे. बाळ त्याला टेकून उभं राहिलं तर डोक्यावर पडेल. मग ही दुसरी, उंच कठड्याची घ्यावीच लागते. तिचा तळ आता वर ठेवायचा आणि बाळ बसायला लागलं की खाली करायचा.

सासूबाई : मग एकदाच घेते ना ती. दोन-दोन खाटा ठेवायला जागा कुठे आहे? आत्ताच शिलाईचं मशीन दाराशी सरकवलंय, तेव्हा कुठे कोपरा मोकळा झाला.

दुकानदार : तळ वर आहे, उचलून बघा.

सासूबाई : उचलला. टाचा जरा वर करायला लागल्या, एवढंच.

दुकानदार : आता तळ खाली केलाय. गुंडू बसायला लागलाय असं समजा. उचला.

सासूबाई : हा कठडा बरगडीत रुततोय... थांबा... आला हातात, आला...

जावई : डोकं! आई, डोकं धरा! डोकं, डोकं!

सासूबाई : अहो! वाळू आहे ती!

जावई : ...हो.

सासूबाई : केवढ्यानं ओरडलात. माझ्या काळजाचं पाणी झालं.

दुकानदार : सुटला होता हो ताईंच्या हातातून. पण साहेबांनी वरच्यावर झेलला, आणि मानेखाली हात कसा बरोबर गेलाय बघा. पहिल्या खेपेला जमत नाही कुणाला. कुठे शिकलात?

जावई : शिकलो नाही. नर्स उचलतात ते बघतो रोज. काचेतून.

सासूबाई : रोज?

जावई : हं.

सासूबाई : तुम्ही तर मला म्हणालात, दवाखान्याची पायरी चढवत नाही म्हणून.

जावई : तुम्ही सकाळी जाता. मी काम सुटलं की जातो.

सासूबाई : आणि घेतलंत का बाळाला? एकदा तरी?

जावई : नाही.

दुकानदार : साहेब, गुंडूला द्या इकडे. तुमचे हात भरून येतील.

जावई : हं. देतो. थांबा जरा.

सासूबाई : जावईबापू.

जावई : काय?

सासूबाई : हलताय तुम्ही.

जावई : कुठे? उभा आहे नुसता.

सासूबाई : उभ्या उभ्या हलताय. ह्या पायावरून त्या पायावर. झोके देताय त्या वाळूला.

जावई : ...लक्षात नाही आलं.

सासूबाई : नर्स देत नाहीत का बाळाला हातात?

जावई : रोज म्हणतात, घ्या. मी म्हणतो, हात खरखरीत आहेत. दिवसभर विजेच्या खांबावर असतो, तारा ओढून ओढून घट्टे पडलेत. त्या म्हणतात, त्याचं काही नसतं, साबणानं धुवा आणि घ्या.

सासूबाई : मग?

जावई : एकदा घेतलं तर देता येणार नाही, आई. आणि परवा तुम्हाला द्यायचंय.

दुकानदार : मी... मी जरा आत गादीचं कव्हर बघून येतो.

सासूबाई : नका जाऊ. थांबा. तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही ह्यात. जावईबापू, इकडे बघा. मग ‘तुम्ही न्या’ असं का म्हणालात मला?

जावई : मी म्हणालो नाही. तुम्ही मागितलंत. मी हो म्हणालो.

सासूबाई : मी? केव्हा?

जावई : त्याच दिवशी. दवाखान्याच्या दारात. तुम्ही माझा शर्ट धरला होता. म्हणालात, माझं होतं नव्हतं ते गेलं, आता हे तरी मला राहू द्या.

सासूबाई : ...असं म्हणाले मी?

जावई : हो.

सासूबाई : देवाशपथ आठवत नाही. त्या दिवसातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. घरी कशी आले तेसुद्धा शेजारणीनं सांगितलं. मी आपली समजून चालले, की ह्या माणसाला बाळ नको झालंय. बाळाकडे बघितलं की बायको आठवते, म्हणून नको. एकटा माणूस, त्यात रात्री-अपरात्री बोलावणं येणारी नोकरी. म्हटलं, चला, मी आहे अजून. हातपाय चालतायत.

जावई : नको कसं होईल, आई.

सासूबाई : मग बोलायचं ना! तोंड दिलंय ना देवानं!

जावई : काय बोलू? तुमची मुलगी माझ्या घरात आली आणि गेली. वर तुमच्याकडे बाळ मागू? कोणत्या तोंडानं?

सासूबाई : अहो, ती काय तुम्ही नेलीत? मोठमोठे डॉक्टर तिथे उभे होते, त्यांना धरून ठेवता आली नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका असलं काही. मी कधी बोलले का तसं? वाकड्या नजरेनं तरी बघितलं?

जावई : नाही.

सासूबाई : मग. ...आणि मीही खोटं कशाला बोलू. तुम्हाला नको असेल म्हणून मी नेत होते, हे निम्मंच खरं. मला हवंच होतं ते. घर खायला उठतं हो. सकाळी मशीनवर बसते, पाय चालतात, कापड पुढे सरकतं आणि मी आपली दाराकडे बघत असते. म्हटलं, बाळ आलं की त्याच्यामागे दिवस जाईल. रात्रही जाईल.

जावई : म्हणून तर हो म्हणालो.

सासूबाई : रात्री बोलावणं आलं तर काय करणार होतात?

जावई : कामावरच्या साहेबांना विचारलंय. गोदामातलं काम द्या म्हणून. दिवसाचं. तारा, खिळे, हातमोजे मोजून द्यायचे. बाकीचे हसले. म्हणाले, खांबावरचं माकड जमिनीवर बसणार.

सासूबाई : केव्हा विचारलंत?

जावई : मागच्या आठवड्यात.

सासूबाई : म्हणजे मनात होतं.

जावई : मनात होतं. पुढच्या महिन्यापासून देतो म्हणालेत. मी अजून पक्कं केलं नाही.

सासूबाई : आणि इथे माझ्याबरोबर उभं राहून माझ्या सोयीची खाट बघत होतात. धन्य आहे तुमची. ती म्हणायचीच, आई, ह्याच्या पोटातलं काढायला सुई पुरत नाही, सांडशी लागते.

जावई : म्हणायची?

सासूबाई : दर भेटीला. ...ठेवा त्या गुंडूला आता. हळू. बघा, कठड्याला पोटही टेकलं नाही तुमचं. तळ खाली आहे तरी हात गादीला लागले.

दुकानदार : ही कॉट साहेबांच्या मापानं शिवल्यासारखी आहे, ताई.

सासूबाई : ह्यांची मापं मला नका सांगू. लग्नाचा कोट मीच शिवलाय. बाही कापताना ती शेजारी बसली होती. म्हणाली, आई, आणखी लांब, आणखी. ह्याचे हात संपतच नाहीत. कापड पुरेना, शेवटी आतून जोड द्यावा लागला.

जावई : अजून आहे तो कोट.

सासूबाई : असू दे. ...अहो दुकानदार, ही उंच कठड्याची द्या. आणि ती ह्यांच्या घरी पोचवा, माझ्या नाही. पत्ता ते सांगतील.

जावई : आई—

सासूबाई : आता बोलू नका. आता बोलायला लागलात तर मी बदलेन. माझा काही भरवसा नाही.

जावई : तुमचं घर...

सासूबाई : माझं घर आहे तिथेच आहे. मशीन परत खिडकीशी नेईन, उजेड तरी मिळेल. लोड आणि झालर आज उसवते. त्या कापडात कडकडीत ताणून बसतील अशा तीन चादरी निघतात. चालतात ना हो चादरी? की त्याही नाहीत?

दुकानदार : चालतात, ताई. ताणून बसलेली चादर चालते. उलट हवीच.

सासूबाई : चला, एवढं तरी माझ्या हातचं खपलं. आणि जावईबापू, परवा तुम्ही घ्यायचं बाळ. मी पिशवी धरीन. नर्सच्या हातातून तुमच्या हातात. घट्टे असू देत, घट्ट्यांनी काही होत नाही. सुईनं माझी बोटं चाळण झाली होती, तरी तिला वाढवलीच की मी.

जावई : गोदामाचं काम सुरू होईपर्यंत महिना आहे अजून. रात्री बोलावणं आलं तर...

सासूबाई : तर बाळाला घेऊन रिक्षानं यायचं आणि मला तुमच्या घरी घेऊन जायचं. विचारायचं नाही, दार वाजवायचं.

जावई : आणि बोलावणं आलं नाही तर?

सासूबाई : तरी वाजवा.

दुकानदार : पावती करू? आणखी काही हवंय, ताई?

सासूबाई : हो. एक स्टूल द्या. लाकडी, डुगडुगणार नाही असं.

दुकानदार : आहे की. केवढं उंच देऊ?

सासूबाई : थांबा, सांगते. जावईबापू, हा टेप धरा. जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझं तुम्ही घ्या. कोपरापासून जमिनीपर्यंत. मग तुमचं घेऊ. आणि जेवढी मी कमी पडेन, तेवढं उंच स्टूल त्या कॉटशेजारी ठेवा.