अण्णांची सकाळची होडी

पेटीवाले, सूर धरून ठेवा. मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — दोघांत वाटून घेतलेली वस्तू नक्की कोणाची? अर्धी तुझी, अर्धी माझी? हो ना? माना काय डोलावताय! थांबा जरा.

खाडीकाठी वेळवली नावाचं गाव. तिथे भालूअण्णा पाटणकर — मूळचे घाटावरचे, कचेरीतल्या नोकरीसाठी इकडे आले नि निवृत्त होऊन इथेच राहिले. खिशाला पेन अजून आहे! मुलगी शैला पलीकडच्या काठावर दिलेली. तिला मुलगी झाली. दवाखाना तिकडे, म्हणून बाळंतपण सासरीच. आता अण्णांना घरी चैन पडेल? रोज नात बघायची! पण होडीने पलीकडे नेणारा तरवाला जाताना पैसे घेतो, येताना घेतो. अण्णांचा जीव कासावीस! नातीची ओढ सुटत नाही — आणि पैसाही सुटत नाही! हसू नका काका, तुम्हालाही ओळखतो मी.

अण्णांनी युक्ती काढली. काशीराम तांडेल नवी होडी घेणार होता. अण्णा म्हणाले, "निम्मे पैसे माझे, निम्मी होडी माझी. सकाळी सहा ते बारा मी, पुढे तू!" तो द्वादशीचा दिवस. सकाळी नऊला खाडी काठोकाठ भरलेली! ते बघूनच अण्णांनी सकाळ मागितली. केवढी हुशारी!

काशीराम म्हणाला, "अण्णा, पाण्याचं जरा ऐका—"

"पाण्याचं मागाहून! आधी सही कर. आणि हे कलम बघ — दुसऱ्याच्या वेळेत होडीला हात लावायचा नाही!"

काशीरामने मुकाट्याने सही केली, वर अण्णांना वल्हं मारायलाही शिकवलं. चार दिवस अण्णा राजासारखे गेले-आले! मग तीन दिवस बारशाच्या तयारीत घरीच. पाळणा माहेरचा ना! नवा शिसवी पाळणा केला. पंचमीला अकराचं बारसं. अण्णा नऊला पाळणा घेऊन बंदरावर आले — आणि खाडीत पाणीच नाही!

अहो, भरती रोज पाऊण तास पुढे सरकते! द्वादशीला नऊला भरती, तर पंचमीला त्याच वेळी ओहोटी. होडी चिखलात रुतलेली, तरवाल्याची फेरी बंद, एसटी गेलेली. आणि आमचे अण्णा? चिखलातल्या होडीत बसलेत — मांडीवर पाळणा घेऊन! वेळ तर त्यांचीच होती ना!

फोन वाजला. "बाबा, कुठे आहात? सगळे थांबलेत हो!" शैलाचा आवाज रडवेला. पहिल्या नातीचं बारसं, आणि पाळणा अलीकडे! अण्णांचे डोळे भरून आले.

बारा वाजले. पाणी हळूहळू चढू लागलं. आणि काशीराम आला!

"अण्णा, आता माझी वेळ."

अण्णा निमूट उठले. पाळणा उचलला. मान खाली. विनवणी करायला तोंड होतं कुठे?

"उतरता कुठे? ह्या वेळेला होडी माझी ना? मग तिच्यात कोणाला बसवायचं ते मी ठरवणार. बसा!"

"काशीराम... आधी का नाही रे सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही सही मागत होता."

अडीचला पाळणा टांगला. काशीराम अंगणातच थांबला होता. अण्णांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि पाळण्याची दोरी आधी त्याच्या हातात दिली. शैलाला हसू आवरेना, रडूही आवरेना.

मंडळी, होडीचे वाटे कागदावर होतात. पाण्याचे करून दाखवा! पाणी देवाने स्वतःकडे ठेवलंय, म्हणून त्याने अडल्या वेळेला दुसरा माणूस दिला.

आता तुमच्याकडे वळतो. या मांडवात अशी घरं आहेत — नाव घेत नाही, खाली बघू नका — जिथे भाऊ दोन, आणि आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. तारीख ठरलेली! बरोबर आहे, खर्च निम्मा होतो. पण तुमची पाळी नसताना तिला ताप आला तर? कोणाची वेळ आहे ते बघाल, की काशीरामसारखं "बस" म्हणाल?

टाळ्या नकोत. घरी जा, आणि आई कोणाच्याही वाट्याला असो — आधी तिला विचारा, जेवलीस का.